घरी म्हशी असताना मी व्हीगन झाले, त्याची तीन वर्षं

जाईजुई

नमस्कार मंडळी. परवा आमच्या जिन्यात शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी भेटली. म्हणाली, "काकू, मी पण दूध सोडलंय, आता काय काय खाऊ?" तिला उभ्या उभ्या किती सांगणार, म्हणून हा धागा काढतेय.

माझं माहेर राधानगरीकडं. गोठ्यात कायम तीन-चार म्हशी. लग्न होऊन कोल्हापुरात आले तर इथंही दुधाचंच राज्य. सासरे रोज सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन समोर धार काढलेलं दूध पिऊन यायचे. त्यामुळं दुधाची गोडी मला कुणी सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी माहेरी होते तेव्हा एका म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस पान्हा सोडेना. मग रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं केलं. हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण त्या दिवशी ती म्हैस ते पेंढ्याचं रेडकू चाटत होती आणि भाऊ खाली बसून धार काढत होता. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. भावाचा दोष नाही, त्याचं घर त्यावर चालतं. पण त्यानंतर दूध माझ्या घशाखाली उतरेना. मांस-अंडी आधीच बंद होती. आता दूध, दही, तूप, मध सगळंच सुटलं, म्हणजे मी व्हीगन झाले.

सुरुवातीला वाटलं, आता खायचं काय? मग आठवडाभर जे जेवत होते तेच वहीत लिहून काढलं. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, मटकीची उसळ, झुणका, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, मेथीची पातळ भाजी. यात दूध कुठंय? दही-ताक आणि वरचं तूप काढलं की आपली निम्म्याहून जास्त थाळी तशीच राहते. मला नवीन फार थोडं शिकावं लागलं. जुनंच जरा नेमानं करावं लागलं.

प्रथिनांचा हिशेब मी मांडून बघितला. माझं वजन ५५ किलो. किलोमागं साधारण ०.८३ ग्रॅम धरलं तर रोज ४६ ग्रॅम लागतात. तीन भाकरींचं पीठ १८० ग्रॅम, त्यातून १८. आमटीला ४० ग्रॅम डाळ, तिच्यातून ९. उसळीला ४० ग्रॅम कोरडी मटकी, आणखी ९. मूठभर शेंगदाणे ७ आणि सकाळच्या नाचणीच्या आंबिलीतून ३. झाले ४६. ज्या दिवशी सोयाचंक्सची भाजी असते त्या दिवशी मुठीएवढ्या कोरड्या चंक्समधून वर १२-१३ ग्रॅम मिळतात. मात्र यातली उसळ किंवा आमटी गाळली आणि नुसती चपाती-बटाटा खाल्ला तर गणित कोसळतं. शहरातल्या पोरींचं नेमकं तेच होतं.

आता माझी चूक. ती सांगायलाच खरं तर लिहायला बसले.

कुठंतरी वाचलं होतं की इडली-डोसा, आंबवलेलं पीठ, ताजी माती लागलेली भाजी यातून बी-१२ जीवनसत्त्व मिळतं. मी विश्वास ठेवला. दीड वर्ष छान गेलं. मग तळपायाला मुंग्या यायला लागल्या. वाटलं, उभ्यानं स्वयंपाक करते म्हणून असेल. दम लागायचा, विसरायला व्हायचं, जीभ लालभडक आणि गुळगुळीत झालेली. एका संध्याकाळी रंकाळ्यावर चालताना पायातली चप्पल निसटून मागं राहिली आणि मला कळलंच नाही. चार पावलं पुढं गेल्यावर मागून एका आजींनी हाक मारली, "अगं बाई, चप्पल राहिली तुझी!" खाली बघितलं तर एक पाय अनवाणी. खालची फरशी गार आहे का गरम, काही समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं. बी-१२ आलं ११०. आमच्या लॅबच्या कागदावर २०० च्या खाली म्हणजे कमतरता. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, मग गोळ्या. मुंग्या पूर्ण जायला पाच महिने लागले. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर उशीर केला असता तर नसांचं नुकसान भरून आलंच असतं असं नाही.

पोरींनो, नाचणीचं, तिळाचं पुढं बोलूच. बी-१२ ची गोळी मात्र आज सुरू करा.

लालमाती

काकू, मनापासून लिवलंय तुमी. मी तालमीत आहे, वय २१, वजन ८०. माझ्या मनातबी हे दोन वर्षं घोळतंय, पण वस्ताद म्हणत्यात दूध-तूप सोडलं की अंगात जोर ऱ्हाणार नाही. त्यांचा शब्द मला मोडवत नाही. आमच्याकडं थंडाई दुधातलीच, बदाम घोटून. तुमचं ४६ ग्रॅम वाचलं. मला त्यात भागणार न्हाई. कुणी केलंय का असं?

आहारवही

जाईजुई ताई, तुमचा अनुभव वाचून फार बरं वाटलं, कारण माझ्याकडं येणारे बरेचजण चप्पल निसटल्यानंतरच येतात. मी आहारतज्ज्ञ आहे, इथं थोडं सविस्तर लिहिते.

बी-१२ वनस्पती बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत. ते बनवतात जिवाणू. म्हशीच्या पोटात, रवंथाच्या पहिल्या कप्प्यात हे जिवाणू असतात, म्हणून ते तिच्या दुधात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू आहेत, पण ते शोषलं जाण्याच्या जागेच्या पुढं बसलेत, त्यामुळं त्यांचा उपयोग नाही. इडली, आंबील किंवा स्पिरुलिना नावाचं शेवाळ यांच्यावर भरवसा ठेवू नका. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतांश बी-१२ सारखं दिसणारं पण शरीराला न चालणारं रूप असतं. यकृतात साठा असल्यानं दोन-तीन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस समजतो, "मला तर काही झालं नाही."

गरज रोजची दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मग गोळ्या एवढ्या मोठ्या मात्रेच्या का? एका वेळी शरीर नेहमीच्या वाटेनं दीड-दोन मायक्रोग्रॅमच उचलतं, उरलेल्यातलं शेकडा एखादाच भाग आत झिरपतो. म्हणून रोज घेणार असाल तर निदान १०, आणि आठवड्यातून एकदाच घेणार असाल तर २००० मायक्रोग्रॅम. हे कमतरता नसलेल्यांसाठी. कमतरता असेल तर मात्रा डॉक्टर ठरवतील. औषधातलं बी-१२ जिवाणूंकडूनच बनवून घेतात, त्यामुळं ते व्हीगनच आहे. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यातून काढलेलं, आहे का, एवढं बघा.

आणखी एक. पालेभाज्या, डाळी भरपूर असल्या की फॉलिक ॲसिड उत्तम राहतं आणि हिमोग्लोबिन ठीक दिसू शकतं. आत नसा मात्र झिजत असतात. म्हणून हिमोग्लोबिन चांगलं आहे यावर समाधान मानू नका, बी-१२ वेगळं तपासा.

लालमाती, तुम्हाला वेगळं उत्तर देते, जरा थांबा.

सकाळची फेरी

आहारवही ताई, मी व्हीगन नाही, रोज दोन कप दूध पितो. मधुमेहासाठी नऊ वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. पायाला मुंग्या येतात, मी साखरेमुळंच समजत होतो.

आहारवही

काका, बी-१२ तपासून घ्या, या आठवड्यात. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी-१२ शोषायचं कमी होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचंही तेच. औषध आपल्या मनानं बंद करू नका. आणि आपल्याकडं दूध पिणाऱ्या शाकाहारी माणसांतही बी-१२ कमी सापडतं, त्यामुळं हा फक्त व्हीगन लोकांचा प्रश्न नाही.

दूधगंगाकाठ

जाईजुई ताई, तुमचं पेंढ्याच्या रेडकाचं वाचलं आणि थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवला. आमच्या गोठ्यातही झालंय ते. खोटं कशाला बोलू.

पण माझीही बाजू मांडतो. आमची दोन एकर जमीन. उसाचं बिल वर्षातनं एकदा, तेही कारखान्यानं दिलं तेव्हा. दुधाचं बिल दर दहा दिवसाला. पोरांची फी, किराणा, दवाखाना सगळं त्या दहा दिवसांच्या पैशावर. माझ्या बायकोच्या हातात स्वतःचा पैसा येतो तो फक्त दुधाचा. त्यामुळं दूध पिणं वाईट असं कुणी म्हटलं की आमच्या घरातल्या बाईच्या कष्टावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. तुम्ही तसं म्हटलं नाही, हे कबूल.

एक गोष्ट मात्र तुमच्यामुळं डोक्यात आली. आमच्या भागात सोयाबीन दरवर्षी असतं. मळणी झाली की पोती भरून थेट व्यापाऱ्याकडं. तिथून तेलाच्या गिरणीत, पेंड जनावरांना. घरात एक किलो सुद्धा ठेवत नाही. आम्ही पिकवतो आणि म्हशी खातात, मग म्हशीचं आम्ही पितो. आमच्या आईला गुडघेदुखी, अशक्तपणा, आणि घरात सोयाबीनचा दाणा नाही.

जाईजुई

दादा, वहिनींच्या कष्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. माझी आई त्याच पैशावर आम्हा तिघा भावंडांना शिकवत होती. मी माझ्या ताटापुरतं ठरवलंय. तुमचं सोयाबीनचं म्हणणं अगदी खरं आहे, मला हे सुचलंच नव्हतं.

आहारवही

लालमाती, आता तुमचं. जोर काढणाऱ्या, कुस्ती खेळणाऱ्या मुलाला किलोमागं साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं धरा. ८० किलोला १२८ ग्रॅम. हे नुसत्या भाकरी-आमटीतून येत नाही. पोट भरतं, आकडा भरत नाही. म्हणून घट्ट पदार्थ हवेत. ५० ग्रॅम सोयाचंक्समधून २५-२६ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यातून २० च्या आसपास, १०० ग्रॅम शेंगदाण्यातून २५. शेंगदाण्यात प्रथिनांबरोबर तेलही येतं, म्हणून तुमच्यासारख्याला तो चांगलाच. शिवाय टोफू, म्हणजे सोया दुधाचं पनीर. एवढं करूनही कमी पडलं तर वाटाण्याच्या प्रथिनाची पावडर.

थंडाई तुम्ही सोडू नका. बदाम, खसखस, मगज, बडीशेप, मिरी तसंच घोटा. फक्त दुधाऐवजी सोया दूध घ्या. बदामाचं किंवा नारळाचं दूध चवीला छान, पण प्रथिनात सोया दुधाची बरोबरी त्यांना येत नाही.

वस्तादांशी भांडून काही करू नका. त्यांना दाखवून करा. तीन महिने वजन, जोर, बैठका वहीत लिहा. कुस्तीचा हंगाम तोंडावर असेल तर आत्ता सुरू करू नका, नंतर करा.

पेठेतली मावशी

काय गं जाई, एवढं सगळं झालं आणि मला फोन नाही केलास! असो. मी काही शास्त्र शिकलेली नाही, पण स्वयंपाक पन्नास वर्षं करतेय. माझी सून व्हीगन झाली तेव्हा घरात रोज रुसवे. दह्याशिवाय तिला जेवण जाईना. मग दोघींनी मिळून शेंगदाण्याचं दही जमवलं, ते सांगते.

वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घालायचे. सकाळी सालं चोळून काढायची, नाहीतर तुरट होतं. मिक्सरला थोडं थोडं पाणी घालून गंधासारखं वाटायचं, फडक्यातून पिळून घ्यायचं. मग मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं, हात थांबला की तळाला लागतं. एक उकळी आली की उतरायचं. कोमट झालं, म्हणजे करंगळी बुडवून सुखावते एवढं, की हिरव्या मिरचीची पाच-सहा देठं धुऊन त्यात टाकायची आणि झाकून उबेला ठेवायचं. आठ-दहा तासांत धरतं. पहिलं दही जरा सैल होतं, नाक मुरडू नका. त्याचंच विरजण दुसऱ्या दिवशी लावलं की घट्ट येतं. त्याची कढी होते, कोशिंबीर होते, आंबिलीत घालायचं ताकही होतं.

पांढरा रस्साही आम्ही बिनमटणाचा करतो. कांदा, फ्लॉवरची देठं, आळंबी, खडा मसाला घालून पाणी चांगलं अर्धा तास उकळायचं आणि गाळायचं. त्यात काजू, तीळ, खसखस वाटून लावायची, आलं-लसूण, शेवटी नारळाचं दाट दूध. ते पडलं की खळखळ उकळू द्यायचं नाही, फाटतं. दिवाळीला केला तर जावई दोन वाट्या प्यायले.

आणि हे हुलगे का विसरलात सगळे? हुलगे भाजून दळून आणायचे, पाण्यात कालवून लसूण-जिऱ्याच्या फोडणीत शिजवायचे. पावसाळ्यात गरम माडगं आणि भाकरी. आमच्या आजीनं व्हीगन हा शब्द ऐकला नव्हता.

आहारवही

मावशी, तो शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी काढला. तुमच्या आजीचं माडगं नक्कीच त्याच्या आधीचं.

शेंगदाण्याचं दही चवीला, पचायला उत्तम. पण दह्याच्या जागी ते आलं म्हणजे दह्याचं कॅल्शियमही आलं असं नाही, शेंगदाण्यात ते थोडंच असतं. कॅल्शियमसाठी नाचणी. १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम. दुसरं, सालासकट तीळ, शेवग्याचा पाला आणि कॅल्शियम घालून घट्ट केलेला टोफू. गरज दिवसाला १००० मिलिग्रॅम. पालकात कॅल्शियम दिसतं, पण त्यातल्या ऑक्झॅलेट नावाच्या घटकामुळं फार थोडं अंगी लागतं. शेवगा आपल्या परसात असतो आणि आपण शेंगा तोडून पाला टाकून देतो. हा पाला पिठल्यात, थालीपीठात, डाळीत घाला.

चिमणीचं घरटं

माझी मुलगी दोन वर्षांची आहे. मी आणि नवरा दोघंही व्हीगन. तिलाही तसंच वाढवावं असं मनात आहे, पण सासूबाई रडतात, म्हणतात लेकराचं दूध तोडू नका. मी तिला अजून अंगावर पाजते. ताई, स्पष्ट सांगा, चालेल का?

आहारवही

स्पष्टच सांगते. मोठ्या माणसाची चूक त्याला कळते, मुंग्या आल्या की तो डॉक्टरकडं जातो. लेकरू सांगू शकत नाही. त्यामुळं बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हे करू नका. आधी तुमचं स्वतःचं बी-१२ बघा. आईलाच कमी असेल तर अंगावरच्या दुधातही कमी उतरतं, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो. मुलीला तिच्या मात्रेचं बी-१२ आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून द्या.

दुसरं म्हणजे लेकराचं पोट मुठीएवढं. भाकरी-उसळीचा चोथा त्यात लवकर भरतो आणि उष्मांक कमी पडतात. म्हणून मऊ खिचडीत शेंगदाण्याचं तेल किंवा कूट, तिळाची पेस्ट, साल काढलेली मूगडाळ, केळं. अख्खे शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. दर महिन्याला वजन आणि उंची लिहा. आणि वर्षाच्या आतलं बाळ असेल तर कुठलंही वनस्पतीचं दूध आईच्या दुधाच्या किंवा डॉक्टरांनी दिलेल्या पावडरच्या जागी चालत नाही, हे सगळ्याच वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

सासूबाईंना तपासणीला सोबत घेऊन जा. त्यांची काळजी खरी आहे.

जाईजुई

चिमणी, हे मनावर घे गं. मला स्वतःवर प्रयोग करून जे भोगावं लागलं ते त्या पोरीच्या वाट्याला नको.

लोहाबद्दल राहिलं. आपल्याकडं निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी असतं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया होता, त्यात व्हीगन कितीशा असणार! मी तीन गोष्टी बदलल्या आणि माझं हिमोग्लोबिन १०.४ वरून १२.१ झालं. कडधान्याला मोड आणून खाते. उसळीवर लिंबू पिळते, जेवणात कच्चा टोमॅटो नाहीतर पेरू असतो, कारण क जीवनसत्त्वानं वनस्पतीतलं लोह नीट शोषलं जातं. आणि जेवणावर लगेच कोरा चहा घ्यायची सवय होती ती मोडली, आता दीड तासानं घेते. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. गुळात लोह असतं म्हणून आपण पोळीवर गूळ घेतो, कोल्हापूरच्या गुळाचं मलाही कौतुक, पण तेवढ्या खड्यानं भागत नाही.

मीठही बदललं. मी सैंधव वापरत होते, त्यात आयोडीन घातलेलं नसतं. दूधही बंद, म्हणजे आयोडीन येणार कुठून? आता साधं आयोडीनयुक्त मीठ. आणि जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा, ओमेगा-३ या चांगल्या चरबीसाठी. जवस भाजून कुटलेलाच हवा, अख्खा दाणा तसाच बाहेर पडतो.

बाहेर खायचं म्हणाल तर मिसळ दह्याशिवाय सांगायची, कट तसाच. भडंग चालतो. अख्खा मसूर घेताना लोणी घालू नका म्हणून आधी सांगावं लागतं. बेकरीच्या मालात दुधाची पावडर असते. पाकिटावर हिरव्या रंगात व्ही आणि वर पान असं व्हीगनचं सरकारी चिन्ह असतं, ते असलं की निर्धास्त. पुरणपोळी मी तेलावर करते आणि गुळवणी नारळाच्या दुधात. घरच्यांना तीच आवडायला लागलीय.

लालमाती

काकू, ताई, एक महिना झाला म्हणून सांगतोय. रक्त तपासलं, बी-१२ माझंच १६० निघालं, दूध पित असूनबी. गोळी सुरू केली. वस्तादांना रिपोर्ट दाखवला. ते कायच बोलले न्हाईत, थोड्या वेळानं म्हणाले, माझंबी बघूया. दूध अजून सोडलं न्हाई मी, संध्याकाळची थंडाई तेवढी सोया दुधाची केलीय. जोर हाय तसाच हाय.

दूधगंगाकाठ

ताई, यंदा मळणीत सोयाबीनचं एक पोतं बाजूला काढलं. बायकोनं काल भाजीला टाकलं तर तासभर शिजवूनबी कडकच, आणि वास पण उग्र. पोरांनी ताटं सारली. काय चुकलं?

जाईजुई

दादा, रात्रभर भिजवायचं, दहा-बारा तास. ते पाणी ओतून टाकायचं, दाणे हातावर चोळून सालं काढायची. मग नवीन पाण्यात कुकरला सहा-सात शिट्ट्या. शिजताना मीठ घालू नका, नंतर घाला. दाणा दोन बोटांत मऊ दबला पाहिजे, कच्चट राहिलेलं सोयाबीन पचत नाही, पोट बिघडतं. शिजलं की कांदा-लसूण चटणी आणि शेंगदाण्याचं कूट घालून अख्ख्या मसुरासारखा रस्सा करायला सांगा वहिनींना. पीठ करायचं असलं तर आधी भाजून घ्या आणि पाच किलो ज्वारीला अर्धा किलोच घाला, जास्त झालं की भाकरी थापताना तुटते.